फ्लेक्सवरची रँक कशी वाचायची

बार्शीहून भावाचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासत होते. "ताई, एसटी स्टँडसमोर एका इंजिनिअरिंग कॉलेजचा फ्लेक्स लागलाय. देशात १०१ वा क्रमांक म्हणे. ऋतुजाला तिथंच टाकू का?" ऋतुजा त्याची लेक. म्हटलं, आधी त्या फ्लेक्सचा फोटो पाठव.

फोटोत ड्रोनने काढलेली इमारत, कोपऱ्यात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे आणि मधोमध तो आकडा. वर्ष कुठलं, ते नाही. यादी कोणाची, ते 'एनआयआरएफ' (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) एवढ्या बारीक अक्षरात. आता गंमत अशी की त्या यादीत हल्ली १०१ वा क्रमांक कुणालाच मिळत नाही. इंजिनिअरिंगचे पहिले शंभर एकेक करून जाहीर होतात. त्यापुढे १०१ ते १५०, १५१ ते २००, २०१ ते ३०० असे गट असतात आणि गटातली नावं इंग्रजी आद्याक्षरांनुसार लावलेली असतात. म्हणजे गटातलं शेवटचं कॉलेजही स्वतःला १०१ वं म्हणवून घेऊ शकतं. फ्लेक्स छापणाऱ्याला कोण विचारणार?

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. मधली पाच वर्षं आमच्या कॉलेजची एनआयआरएफची माहिती भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. नोडल ऑफिसर म्हणतात त्याला. जादा पैसे नाहीत, जादा सुट्टी नाही, दिवाळीच्या सुमारास रात्री अकरापर्यंत एक्सेल. त्यामुळे रँक कशी शिजते ते मला आतून माहीत आहे. भावाला जे सांगितलं तेच इथे लिहिते. पहिल्यांदाच इंजिनिअरिंगच्या वाटेला जाणाऱ्या घरांसाठी आहे हे. ज्यांच्या घरात तीन इंजिनिअर आहेत त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

सुरुवातीला तीन गोष्टी विचारा: यादी कोणाची, वर्ष कुठलं, गट कुठला. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची यादी. २०१५ मध्ये तिची घोषणा झाली आणि २०१६ मध्ये पहिली यादी आली. तिच्यात विद्यापीठं, महाविद्यालयं, इंजिनिअरिंग, फार्मसी, व्यवस्थापन, कायदा अशा वेगवेगळ्या याद्या आहेत. एखाद्या संस्थेच्या फार्मसी कॉलेजची रँक त्याच आवारातल्या इंजिनिअरिंगच्या फ्लेक्सवर झळकताना मी पाहिली आहे. आणि नॅक म्हणजे रँक नव्हे, ते मूल्यांकन आहे. आजवरच्या पद्धतीत चारपैकी गुण मिळतात, ३.५१ पासून ए++, ३.२६ पासून ए+, असं खाली उतरत जातं. ते साधारण पाच वर्षांसाठी असतं. फाटकावरची पाटी मात्र मुदत संपली तरी उतरत नाही, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली होती. त्यावरून सगळं नॅक खोटं असं मी म्हणणार नाही, पण नुसतं अक्षर बघून डोळे दिपवून घेऊ नका.

आता रँक कशाची बनते ते. इंजिनिअरिंगसाठी शंभरपैकी तीस गुण अध्यापन आणि साधनांचे, तीस संशोधनाचे, वीस गुण मुलं पास होऊन पुढे काय करतात त्याचे, दहा गुण मुली, परराज्यातली आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेली मुलं किती आहेत याचे, आणि उरलेले दहा लोकांचं मत काय याचे. अध्यापनाचे तीस म्हटल्यावर भावाला वाटलं, चला, शिकवणं बघतात तर. नाही रे बाबा. वर्गात येऊन कोणी बसत नाही. मोजतात ते शिक्षक किती, त्यातले पीएचडी किती, अनुभव किती, मुलांची संख्या किती आणि दर मुलामागे खर्च किती. हे सगळं लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या कॉलेजात अप्रतिम शिकवणारे एक सर होते, पीएचडी नसलेले, आणि त्या तक्त्यात त्यांची किंमत सगळ्यात कमी लागायची. पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्या तासाला जिन्यावर बसायची. जिन्यावर बसलेल्या मुलांसाठी रकाना नाही.

लोकांच्या मताचे दहा गुण म्हणजे शिक्षणक्षेत्रातल्या आणि नोकरी देणाऱ्या मंडळींना विचारून मिळालेली पसंती. मद्रास आयआयटी इंजिनिअरिंगच्या यादीत पहिल्या वर्षापासून पहिली आहे, तिचं नाव कोण विसरेल? तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचं नाव दिल्लीतल्या प्राध्यापकाने ऐकलेलंच नसतं. तिथे गुण जातात, त्याचा शिकवण्याशी काडीचा संबंध नाही. पहिल्या शंभरांचे पाचही गुण वेगवेगळे संकेतस्थळावर दिसतात. ते बघा आणि तुमच्या मुलीला ज्याचा उपयोग आहे तेवढेच धरा. बी.टेक. करून नोकरीला लागायचंय तर तिसरा आकडा आधी. पुढे संशोधनात जायची हौस असेल तर दुसराही.

खरा माल मात्र रँकच्या पानावर नसतो. प्रत्येक सहभागी कॉलेजने भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते. पानाच्या अगदी तळाशी किंवा कुठल्याशा मेनूत दडलेली 'एनआयआरएफ' नावाची लिंक असते, तिच्यात वर्षवार पीडीएफ. ही पीडीएफ मोबाईलवर उघडू नका, रकाने दिसत नाहीत. सायबर कॅफेत जाऊन प्रिंट काढा. दहा-वीस रुपये जातील.

त्यात 'प्लेसमेंट आणि उच्च शिक्षण' नावाचा तक्ता शोधा. ऋतुजाला मी तो फोनवर ओळ धरून वाचायला लावला. समजायला सोपे म्हणून इथे गोल आकडे घेते. समजा, मंजूर जागा ३००. त्या वर्षी प्रत्यक्ष प्रवेश २४०. दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुलं आली ३०. म्हणजे शिकायला बसली २७०. चार वर्षांच्या ठरलेल्या मुदतीत पास झाली १८०. नोकरी लागली ९६ जणांना. पुढे शिकायला गेली १४. मध्यक पगार वर्षाला ३ लाख ६० हजार.

"आत्या, ते तर ९२ टक्के प्लेसमेंट म्हणतात," ती म्हणाली.

म्हणतात ना. ते टक्के काढले आहेत प्लेसमेंटसाठी पात्र ठरवून नोंदणी केलेल्या मुलांवर. एटीकेटी असलेली, म्हणजे विषय राहिलेली वगळली, साठ टक्क्यांच्या खालची वगळली, "मला नको" असं ज्यांच्याकडून लिहून घेतलं तीही वगळली. उरली १०४, त्यातली ९६ म्हणजे ९२ टक्के. हिशेब खोटा नाही, पण तो तुमचा नाही. तुमचा हिशेब असा: दाखल झालेल्या २७० पैकी ९६, म्हणजे शंभरातली पस्तीस-छत्तीस. त्याच्याही आधीचा आकडा मला जास्त खुपतो. २७० मधली ९० मुलं वेळेत पासच झाली नाहीत. तीनातलं एक. हे प्रमाण सलग तीन वर्षं असंच दिसलं तर इमारत कितीही झकास असो, आत काहीतरी बिनसलंय.

मध्यक तुम्ही दहावीच्या गणितात केला आहे. पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येतो तो. हा आकडा सरासरीपेक्षा प्रामाणिक, कारण एका मुलाला चाळीस लाखांचं पॅकेज मिळालं म्हणून तो हलत नाही. फ्लेक्सवर कायम त्या एका मुलाचा फोटो असतो. मध्यक छापलेला फ्लेक्स मला अजून दिसलेला नाही. आणि लक्षात ठेवा, हा मध्यक नोकरी लागलेल्यांचाच असतो, ज्यांना नाही लागली ते त्यात नाहीत.

हे आकडे शिळे असतात, तेही धरून चाला. २०२५ च्या यादीतली सगळ्यात ताजी बॅच २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेली, म्हणजे करोनातली. मधल्या काळात प्राचार्य बदलले, दोन शाखा बंद पडल्या, एआयची नवी शाखा निघाली, यातलं काही त्यात नसेल.

दुसरा तक्ता शिक्षकांचा. बऱ्याच पीडीएफमध्ये शेवटी सगळ्यांची नावं, पदवी, महिन्यांत मोजलेला अनुभव आणि रुजू झाल्याची तारीख असते. मी फक्त तारखा बघते. निम्मी माणसं गेल्या एक-दोन वर्षांत आलेली असतील तर तिथे माणसं टिकत नाहीत. का टिकत नाहीत ते पगारपत्रकालाच ठाऊक. एकाच जुलैत दहा-बारा जण रुजू झालेले दिसले तर पुढच्या जुलैत त्यातले किती उरले, हे पुढच्या वर्षाच्या पीडीएफशी ताडून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण कॉलेजबद्दल इतकं खरं बोलणारा कागद दुसरा नाही.

इथे आपल्या राज्याचं एक दुखणं सांगायलाच हवं. कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत कायम पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. तास घेतात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे सीएचबीवाले. त्यातले कितीतरी नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेले, मनापासून शिकवणारे. पण रँकच्या हिशेबात वजन कायम शिक्षकांना. पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २०२४ ला २३ वं होतं, २०२५ ला एकदम ५६ वं झालं. लगेच ओरड झाली ती रिकाम्या पदांचीच. आता एका वर्षात तिथलं शिकवणं इतकं घसरलं का? दुखणं जुनंच होतं, आकड्यात उशिरा उतरलं. महाविद्यालयांच्या यादीत पहिल्या शंभरातली निम्म्याहून जास्त एकट्या तमिळनाडू आणि दिल्लीतली असतात. आपली मुलं काही त्यांच्यापेक्षा ढ नाहीत.

जागतिक रँक सांगणारा कोणी भेटला तर एवढंच सांगा. क्यूएस या परदेशी संस्थेच्या जागतिक यादीत मुंबई आयआयटी १७२ वरून १४९ वर आली, ती २०२४ च्या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत त्यांनी मोजायची पद्धत बदलली होती. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं वजन वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं आणि नवे निकष घातले. पुढे ती ११८ झाली, मग १२९. पवईत या तीन-चार वर्षांत काय एवढी उलथापालथ झाली असेल, तुम्हीच सांगा.

यात चुकाही होतात. एका वर्षी उच्च शिक्षणाला गेलेल्यांचा आकडा माझ्याच हातून नोकरीच्या रकान्यात गेला. रात्रीचे साडेदहा, डोळ्यांवर झापड. पुढे पडताळणीत विचारणा आली आणि दुरुस्ती झाली, पण तोवर आठवडाभर मला झोप नव्हती. विचारणा आलीच नसती तर? शाळांच्या बाबतीत 'असर' नावाची पाहणी करणारे २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलाच्या हातात दुसरीचा उतारा देतात आणि वाच म्हणतात. कॉलेजांसाठी असं कोणी करत नाही. सगळं आम्हीच भरलेलं.

म्हणून शेवटी जाऊन बघायचं. 'ओपन डे'ला नाही, त्या दिवशी कुंड्यासुद्धा भाड्याच्या असतात. सत्र चालू असताना, मंगळवार-बुधवारी, अकराच्या सुमाराला जा. प्रवेशाच्या घाईत ते जमत नसेल तर किमान तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा. टपरीवर भेटतात. त्यांना "कॉलेज कसंय" विचारू नका, "भारी आहे" म्हणतील. विचारा, गेल्या सत्रात गणित कोणी शिकवलं आणि किती युनिट झाली? प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जण असता? जर्नलमधली रीडिंग्ज स्वतः घेता का सीनिअरची उतरवता? हा शेवटचा प्रश्न विचारला की मुलं हसतात. ते हसू नीट बघा. शक्य झालं तर प्रयोगशाळेत डोकवा. यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण तसंच असेल तर ती डेडस्टॉक रजिस्टरपुरती, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीत दाखवण्यापुरती घेतलेली. आमच्याकडे एका ऑसिलोस्कोपची (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) बटणं इतकी झिजलीत की त्यांवरचे आकडे दिसत नाहीत. मला तो फार आवडतो.

यादीत नावच नसलेलं कॉलेज लगेच वाईट ठरवू नका. तीनशेच्या बाहेर राज्यात पुष्कळ कॉलेजं आहेत. त्यांच्यासाठी एनबीए, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांचं मूल्यांकन, बघा. ते शाखेनुसार मिळतं, म्हणून मेकॅनिकलला आहे म्हणजे कॉम्प्युटरलाही आहे असं समजू नका. सोबतीला गेल्या तीन वर्षांचे कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे) कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते, राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. कटऑफ म्हणजे तरी काय, हजारो पालकांनी मिळून केलेली रँकच ती. तीही अफवेवर हलते, पण सलग खाली येत असेल तर कारण शोधा.

ऋतुजाने पाच कॉलेजांच्या पीडीएफ काढल्या, वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: दाखल, वेळेत पास, नोकरी, मध्यक, जुने शिक्षक. फ्लेक्सवालं कॉलेज चौथ्या नंबरावर बसलं. पहिल्यावर सोलापूरकडचं एक, ज्याचा फ्लेक्स भावाने कधी पाहिला नव्हता. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत, तोवर ती तिथल्या एका मुलीशी बोलणार आहे. आणि हो, पीडीएफ उघडली की लगेच जपून ठेवा. नवी आली की काही कॉलेजं जुनी काढून टाकतात, आणि मग तारखा ताडून बघायला काही उरत नाही.