नेत्याशी असलेला अलिखित करार कसा तपासावा

जाहीरनाम्यात छापलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे कोणालाही पडताळून पाहता येते. ज्यावर कोणी सही केलेली नसते, पण मत मागणारा आणि देणारा दोघेही जे गृहीत धरून चालतात, ते तपासायला मात्र थोडी पूर्वतयारी लागते.

पहिले काम मतदानापूर्वीचे आहे. या उमेदवारावर आपण नेमका कोणत्या बाबतीत विश्वास टाकतो आहोत, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. 'चांगला कारभार करील' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्याचा भंग झाल्याचे कधीच दाखवता येत नाही. 'संकटाची खरी माहिती दडवणार नाही' हे उपयोगी आहे. लिहून न ठेवल्यास निकालानंतर आपली अपेक्षाच नकळत बदलते, आणि आवडत्या नेत्याच्या बाबतीत तर ती फारच लवकर बदलते.

मग ही अपेक्षा नेत्याच्या शब्दातून आली, वागण्यातून आली की रूढीतून, हे पाहावे. रूढीला कमी लेखू नये. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली तिसऱ्यांदा उभे राहण्यास नकार दिला आणि त्यानंतर, कायद्याची आडकाठी नसतानाही, १९४० पर्यंत कोणीही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून आले नाही. त्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हा संकेत मोडला, पण तो उघडपणे आणि मतदारांच्या संमतीने मोडला. त्यामुळे त्याला विश्वासघात म्हणणे मला पटत नाही. तरीही १९५१ मध्ये दोन कार्यकाळांची मर्यादा घटनादुरुस्तीने लेखी करून घेण्यात आली.

दिलेला शब्द मोडला गेल्यास तीन प्रश्न विचारावेत: परिस्थिती खरोखर बदलली का, ती बदलू शकेल हे शब्द देतानाच ठाऊक होते का, आणि माघारीची कबुली स्वतःहून दिली की विचारल्यावर. यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच राहून जातो. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीआधी लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यापीठीय शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. आघाडी सरकारात गेल्यावर त्याच पक्षाच्या मंत्र्यांनी शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेण्यास पाठिंबा दिला. स्वबळावर सत्ता मिळणे अवघड आहे, हे सही करतानाही दिसत होते. पक्षनेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये माफी मागितली, पण ती शुल्क वाढवल्याबद्दल नव्हती, तर पाळता येईल याची खात्री नसताना शब्द दिल्याबद्दल होती. म्हणून माफी नेमकी कशाची आहे, हे तिचा पूर्ण मजकूर मिळवून वाचावे, बातमीच्या मथळ्यावर थांबू नये. २०१५ मध्ये या पक्षाच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. त्याला इतरही कारणे होती.

शेवटी, हेच तीन प्रश्न आपण ज्याला मत दिले नाही त्या नेत्यालाही लावून पाहावेत, आणि दोन्ही वेळची उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. एकाला सवलत आणि दुसऱ्याला दोष दिलेला आढळल्यास दोन्ही उत्तरे पुन्हा तपासावीत.