जत्रेच्या नाटकाआधी टॅबची तयारी

दिवाळी सरली की गोव्यात देवळांचे कालोत्सव आणि जत्रा सुरू होतात, आणि त्यांच्याबरोबर गावोगावची उत्सवी नाटकं. पार्श्वसंगीत आधी कॅसेटवर असायचं, मग सीडीवर, मग कुणाच्या तरी लॅपटॉपवर. आता बहुतेक हौशी मंडळांत ते एका टॅबवर येऊन बसलं आहे. त्याच टॅबवर संहिताही असते, तालमींचे व्हिडिओही असतात, आणि मधल्या वेळात दिग्दर्शकाच्या मुलाचे गेमही. प्रयोगाच्या आठ दिवस आधी हा टॅब मोकळा करून पुन्हा भरायला बसावं. तो कसा भरायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: इंटरनेट शून्यावर असताना ही वस्तू चालते का? देवळासमोर हजारभर माणसं जमली, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, की गावातला एकुलता टॉवर गुदमरतो. दुपारी ध्वनी तपासताना चार रेघा दाखवणारं नेटवर्क रात्री नांदीला नसतं.

सुरुवात जागा मोजण्यापासून. खोक्यावर ३२ जीबी लिहिलेलं असतं, पण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि बरेच टॅब १०२४ च्या पटीत, म्हणून तिथेच आकडा तिसाच्या खाली येतो. त्यातले दहा-बारा जीबी सिस्टीम आणि कंपनीने आधीच घातलेली ॲप खातात. उरलं ते आपलं, आणि त्यातलेही तीन-चार जीबी रिकामे ठेवायचे, कारण काठोकाठ भरलेला टॅब अडखळतो आणि अडखळायची वेळ तो स्वतः निवडतो. नोकियाने २००५ मध्ये ७७० नावाचा इंटरनेट टॅब्लेट काढला तेव्हा त्यात सगळी मिळून १२८ एमबी जागा होती आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला त्यातली निम्मी यायची. तेव्हाही लोक आपल्यासारखेच कुठलं ॲप ठेवू आणि कुठलं काढू या विवंचनेत असत.

जागा नेमकी कोण खातं हे सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानावर दिसतं, आणि संगीत तिथे फारसं वर नसतं. प्रयोगाचे सगळे तुकडे मिळून तासभराचा आवाज धरा. बिनदाबाच्या वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे सहाशे एमबी. तेच ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये दीडशेच्या आत बसतं. खरा राक्षस म्हणजे तालमीचा व्हिडिओ. फुल एचडीत तासाला सात-आठ जीबी सहज जातात. तीन अंकी नाटकाची एक सलग तालीम चित्रित केली की सगळा टॅब गिळला गेला. म्हणून तालीम ७२० वर, म्हणजे फुल एचडीपेक्षा खालच्या दर्जावर घ्या, किंवा फक्त अडणारे प्रवेश घ्या, आणि बघून झालं की त्याच रात्री घरच्या संगणकावर हलवा. व्हॉट्सॲपचं फोल्डर हा दुसरा चोर. मंडळाच्या ग्रुपवर आलेली प्रत्येक सुप्रभात तिथे जमा होते. प्रयोगाच्या टॅबवर व्हॉट्सॲप नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. ठेवायचंच असेल तर मीडिया आपोआप उतरवून घेणं बंद करा.

मेमरी कार्ड घ्यायचं तर ओळखीच्या दुकानातून घ्या, बिल घ्या, आणि घरी आल्यावर ते एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून पाहा. खोटी कार्डं १२८ जीबीचा आकडा दाखवतात आणि खऱ्या जागेपलीकडचं सगळं मुकाट्याने हरवतात. कार्ड टॅबमध्येच फॉरमॅट करावं. जुनी ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीची असतात, त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लांब व्हिडिओ मधेच तुटला तर कारण बहुधा हे. काही टॅब कार्डाला अंतर्गत स्टोरेज बनवू का असं विचारतात, तिथे नाही म्हणा. तसं केलेलं कार्ड त्या टॅबखेरीज कुठेच वाचता येत नाही, आणि आपल्याला तर ऐनवेळी ते काढून दुसऱ्याच्या यंत्रात घालायची सोय हवी असते. प्रयोगाचा आवाज टॅबच्या पोटातच ठेवावा. कार्डावर तालमी, फोटो, जुने प्रयोग आणि संगीताची एक जादा प्रत. तिसरी प्रत पेनड्राइव्हवर, साउंडवाल्याच्या हातात. आयपॅड असेल तर कार्डाचा प्रश्नच नाही, कारण खाचच नाही. तिथे घेतानाच जास्त जागेचा घ्यावा.

आता ॲप. मोजकी चार पुरतात. आवाज वाजवणारं एक, संहिता वाचणारं एक, फाइली आवरणारं एक, आणि मराठी लिहायला जीबोर्डसारखा कीबोर्ड. ॲप निवडताना आधी विमान मोड लावा, मग ते उघडा. लॉगिन मागतंय, जाहिरातीची चौकट दाखवतंय किंवा चक्र फिरवत बसतंय, तर ते गेलं. व्हिडिओच्या ॲपमध्ये साठवून ठेवलेलं गाणंही या परीक्षेत भरवशाचं नाही. ते ठरावीक मुदतीनंतर पुन्हा इंटरनेट मागतं आणि त्या ॲपबाहेर वाजत नाही.

आवाजाच्या ॲपवर जरा जास्त वेळ घालवा, कारण प्रयोग इथेच वर जातो किंवा खाली येतो. साधा म्युझिक प्लेअर गाणं संपलं की पुढचं लावतो. घरी ते बरं वाटतं. रंगमंचावर नायिकेचा बाप वारल्यावरच्या शांततेत लग्नाची सनई सुरू होते. म्हणून एक तुकडा संपला की थांबणारं ॲप हवं. व्हीएलसी फुकट आहे, जाहिराती नाहीत, जवळजवळ सगळ्या प्रकारच्या फाइली वाजवतं; फक्त त्यात आपोआप पुढे जाण्याची सोय बंद आहे ना हे आधी वाजवून पाहा. बटणांच्या चौकटी देणारी साउंडबोर्डची ॲपही मिळतात. वीज कडाडणं, दाराची कडी, मोटारीचा भोंगा असे छोटे आवाज त्यांत चांगले बसतात, बोट लावलं की वाजलं. पाऊस किंवा रातकिडे फिरवत ठेवायचे असतील तर ती फाइल वेव्हमध्येच ठेवा. एमपी३ च्या सुरुवातीला क्षणभराची पोकळी असते, आणि दर फेरीला पाऊस किंचित अडखळतो. तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या आजोबांनाही ते कळतं, आणि आमच्या प्रेक्षकांत नाटकात कामं केलेले आजोबा फार.

फाइलींची नावं दोन अंकी क्रमांकाने सुरू करा: ०१, ०२, ०३. नुसते १, २, ३ लिहिले तर काही ॲप १ नंतर थेट १० दाखवतात. क्रमांकानंतर अंक, प्रवेश आणि काय आहे ते दोन शब्दांत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरं फायनल’ ही नावं आठ दिवस आधी पुसून टाका. त्यातली एकच खरी असते आणि विंगेतल्या अंधारात ती सापडत नाही.

संहितेचं वेगळं दुखणं आहे. जुन्या नाटकांच्या संहिता डीटीपीवाल्याने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. ती वर्डची फाइल टॅबवर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. त्यासाठी टॅबवर फॉन्ट शोधत बसू नका. ज्या संगणकावर फॉन्ट आहे तिथूनच फॉन्टसकट पीडीएफ करून आणा. हस्तलिखित असेल तर मोबाइलने पानापानाचे रंगीत फोटो काढू नयेत, शंभर पानांचे तीन-चारशे एमबी होतात आणि पान उलटायला वेळ लागतो. स्कॅनच्या ॲपमधून कृष्णधवल पीडीएफ केली तर तीच वही दहा-वीस एमबीत येते आणि वाचायलाही स्वच्छ. वाचायच्या ॲपमध्ये काळ्यावर पांढरी अक्षरं दाखवायची सोय हवी, नाहीतर प्रॉम्प्टरच्या तोंडावरचा उजेड पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांना दिसतो. स्क्रीन आपोआप फिरणं आणि आपोआप विझणं, दोन्ही बंद करा. कागदाची प्रत तरीही जवळ हवी. याबाबत आमचे जुने प्रॉम्प्टर ऐकत नाहीत ते बरोबरच आहे.

जोडणीचं सामान जागेच्या हिशोबात येत नाही, पण यादीत येतं. ब्लूटूथने आवाज काही क्षण उशिरा पोचतो. थोबाडीत आधी बसते, आवाज मागून येतो. तेव्हा वायर. नव्या बऱ्याच टॅबना हेडफोनचं गोल भोक नसतं, त्यासाठी टाइप-सीचा जोड आधी विकत घेऊन वापरून पाहायचा. टॅब चार्जरला लावून मिक्सरला जोडला की स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ शकतो. म्हणून शंभर टक्के चार्ज करून बॅटरीवरच चालवा आणि पॉवर बँक पिशवीत असू द्या.

आदल्या दिवशी ॲपचे आपोआप होणारे अपडेट बंद करा; सवयीचं बटण ऐन दिवशी जागा बदलतं. त्या दिवसानंतर नवं ॲप नाही, नवी फाइल नाही. दिग्दर्शक म्हणाले, ‘बाबू, एक नवीन ट्यून मिळाली आहे’, तर पेनड्राइव्हवर घ्या आणि पुढच्या प्रयोगाचं बोला. प्रयोगाच्या संध्याकाळी सिम काढा, विमान मोड लावा, सूचना बंद, गजरही बंद. विमान मोडमध्ये फोन येत नाही, पण कुणीतरी पहाटेच्या बसचा लावून ठेवलेला साडेचारचा गजर वाजतोच, आणि गावची नाटकं कधी कधी तोवर चाललेली असतात.

प्रयोग झाल्यावर चित्रीकरण दुसऱ्याच दिवशी संगणकावर उतरवा, तिथे ते चालतं का पाहा, आणि मगच टॅबवरून पुसा. पुसलेलं बहुतेक टॅबमध्ये महिनाभर कचऱ्याच्या फोल्डरात पडून जागा अडवतं, ते वेगळं रिकामं करावं लागतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी प्रयोग असेल तर संगीताच्या फोल्डरला हात लावू नका.