पेंटबॉल मार्करचे पार्ट बनवायचेत? आधी बॉल मोजा

गेल्या काही महिन्यांत तीन-चार पोरांनी विचारलं, दादा, पेंटबॉलच्या मार्करचे (रंगाचे बॉल मारायची हवेवरची बंदूक) कस्टम पार्ट बनवायचं काम कसं शिकायचं, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्यावी लागते का, पैसे सुटतात का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय.

माझं सांगायचं तर औंधच्या आयटीआयमधून टर्नर केलं, मग भोसरीत पाच वर्षं जॉबवर्कवाल्यांकडे काढली, आणि आता नऱ्ह्याला एका गाळ्यात जुना लेथ, एक छोटं मिलिंग आणि ड्रिल मशीन एवढंच आहे. सीएनसी नाही. एकसारखे वीस-पंचवीस नग असतील तर शेजारच्याकडून करून घेतो. पण या कामात तशी ऑर्डर क्वचित येते, बहुतेक वेळा एक बॅरल (बंदुकीची नळी), दोन बोल्ट (बॉल पुढे ढकलणारा दट्ट्या), कुणाचा तरी तुटलेला फीडनेक (जिथून बॉल आत पडतात ते तोंड), असंच. हे काम मुळातच छोट्या गाळ्याचं आहे. १९८१ साली अमेरिकेत पहिला खेळ झाला तो नेलस्पॉट ००७ नावाच्या, झाडांवर रंगाची खूण करायच्या पिस्तुलाने (मार्कर हे नाव तिथूनच आलं), आणि पुढे तिकडचे खेळाडू आपापले मार्कर गल्लीतल्या मशीनशॉपमध्ये नेऊन सुधारून घ्यायला लागले. असं काम करणाऱ्याला तिकडे एअरस्मिथ म्हणतात.

पहिली ऑर्डर मुळशीकडच्या एका रिसॉर्टवाल्याची, बॅरलचे मागचे भाग, सहा नग. टू-पीस बॅरल असतं ना, त्यात बॉलला धरणारा बोअर (आतलं भोक) मागच्या भागात आणि पुढची टिप मोकळी, त्यामुळे नवीन माणसाने सुरुवात मागच्या भागापासून करावी, चौदा इंच लांब भोक सरळ ठेवायची कटकट राहत नाही. मी ड्रॉइंग घेऊन आमच्या जुन्या टर्नर काकांकडे गेलो. त्यांनी कागद बघितलाच नाही, म्हणाले, "बॉल कुठंय?" मी म्हटलं काका, पॉइंट सिक्स एटचा आहे, सगळ्यांना माहितीय. ते म्हणाले, "तुला माहितीय रे, बॉलला माहितीय का?"

आणि खरंच तसं आहे. ०.६८ इंच म्हणजे १७.२७ एमएम हा फक्त नावाचा साइज, प्रत्यक्षात बॉल बॅचप्रमाणे बदलतो, म्हणून बॅरलचे बोअर ०.६७९ पासून ०.६९१ पर्यंत वेगवेगळे मिळतात. वरचं कवच जिलेटिनचं, ते हवेतला ओलावा पितं, आणि आपल्याकडे जून लागला की मुळशीच्या पावसात उघडा ठेवलेला डबा दोन दिवसांत फुगतो, बॉल गोलसुद्धा राहत नाहीत. आता माझा नियम असा की गिऱ्हाईक जे बॉल वापरतं तेच वीसेक मागवायचे, प्रत्येक बॉल फिरवून दोन-तीन जागी मोजायचा (व्हर्नियर हलकाच लावा, दाबलात तर बॉल दबतो आणि माप खोटं येतं), आणि मग बोअर ठरवायचा. बॅरल झालं की बॉल आत टाकायचा, आपोआप घरंगळून बाहेर येता कामा नये, पण मागून फुंकर मारली की सुटला पाहिजे.

त्या सहा नगांचा बोअर ठरला ०.६८५, म्हणजे १७.४०. या मापाचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं टूल) बाजारात तयार मिळत नाही, १७.५ चा घेऊन टूल ग्राइंडिंगवाल्याकडून उतरवून घेतला. मटेरियल ६०६१ अल्युमिनियम, आपल्याकडे रॉडवाले त्याला एचई २० म्हणतात. एचई ९ उचलू नका, मऊ असतं, आटे टिकत नाहीत. रीमिंगला रॉकेल सढळ हाताने सोडलं, बोअर असा आला की लाइटकडे धरून बघितलं तर आरसा. सहाही नग १७.४० प्लग गेजला (भोकात घालून माप बघायचा दांडा) एकसारखे लागले, आणि खुशीत हार्ड अनोडायझिंगला (अल्युमिनियमवर कडक थर चढवायला) पाठवले.

परत आले तेव्हा गेज एकातही जाईना.

चूक माझीच होती. हार्ड अनोडायझिंगचा थर ५० मायक्रॉनचा सांगितला होता आणि तो थर निम्मा धातूच्या आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे एका बाजूने २५ मायक्रॉन, भोकात दोन्ही बाजू आल्या, डायमीटर ५० मायक्रॉनने कमी. १७.४० चं झालं १७.३५, म्हणजे इंचात सरळ दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेले, आणि लोक जिथे ०.६८५ का ०.६८७ यावर वाद घालतात तिथे दोन थाऊ म्हणजे अख्खा साइज. आट्यांचं तर आणखी वाईट, साठ अंशाच्या आट्यांवर पिच डायमीटर (आट्यांचा मधला व्यास) थराच्या वाढीच्या चौपट वाढतो, म्हणजे बाहेरच्या आट्यांवर ०.१ एमएम. सहापैकी एकही मार्करमध्ये बसला नाही. रिसॉर्टवाल्याला खरं काय ते सांगितलं, पुन्हा सहा केले, स्वतःच्या खर्चाने. त्या महिन्यात गाळ्याचं भाडं उशिरा गेलं, पण तो माणूस आजही काम देतो.

आट्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण नवीन पोरं इथे हमखास अडकतात. मार्करप्रमाणे बॅरलचे आटे वेगळे, टिपमन कंपनीच्या ९८ मार्करचं बॅरल टिपमनच्याच ए-५ ला लागत नाही, त्यामुळे मार्कर हातात असल्याशिवाय आटे पाडू नका. ऑटोकॉकर नावाच्या मार्करचे आटे सगळ्यात जास्त चालतात, ते १५/१६ इंच, इंचाला २० आटे. इंचाला २० म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२७ एमएम. लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा) मेट्रिक असेल तर १.२५ पटकन लागतो आणि वाटतं एवढ्याने काय होतंय, मलाही वाटलं होतं. चार फेरे छान जातं, पाचव्याला आवळतं, आणि जोर लावलात की गिऱ्हाइकाच्या मार्करचे आटे जातात. १२७ दात्यांचं गिअर लावून बरोबर १.२७ पाडा, आणि इंची आटे पाडताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारं नट) अजिबात उघडायचं नाही, टूल बाहेर ओढून मशीन उलटं फिरवून मागे यायचं. वेळ लागतो. लागू द्या.

बोल्टला डेलरीन (एक कडक प्लॅस्टिक) वापरतात, कापायला लोण्यासारखं, पण गरम झालं की अल्युमिनियमच्या चौपटीहून जास्त वाढतं. पंचवीस एमएमचा बोल्ट वीस डिग्रीने तापला तर ५० मायक्रॉनच्या वर फुगतो. मशीनवरून काढला आणि लगेच मोजला तर फसलात, चहा पिऊन या, मग मायक्रोमीटर लावा. डिसेंबरच्या सकाळी टाइट फिट दिला तर मे महिन्यात अडकणार हेही धरून चला. ओ-रिंगची (हवा अडवणारी रबरी रिंग) खाच तर शंभर वेळा मोजा, १.७८ जाडीची रिंग हलणाऱ्या जागी असेल तर मी १.५५ च्या आसपास जागा सोडतो, तेरा टक्के दाब येतो, हवा गळत नाही आणि बोल्ट जडही होत नाही. खाचेच्या कडेला बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिली तर पहिल्याच दिवशी रिंग कापली जाते, म्हणून नख फिरवून बघायची सवय लावा.

एक गोष्ट मात्र मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. एअर टँक आणि त्याचा व्हॉल्व्ह. आत ३००० किंवा ४५०० पीएसआय दाब असतो, सिलिंडरचे २०१६ चे सरकारी नियम आहेत, आणि ते बाजूला ठेवले तरी कुणाच्या चेहऱ्याजवळ असलेल्या टँकला आपण गाळ्यात बसून आटे पाडायचे नसतात. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, सरळ नाही म्हणा. तसंच बॅरल किंवा बोल्ट बदललं की वेग बदलतो, क्रोनोग्राफवर (बॉलचा वेग मोजायचं यंत्र) बघून बहुतेक मैदानं २८० ते ३०० एफपीएसची (सेकंदाला फूट) मर्यादा ठेवतात, ते मोजल्याशिवाय आणि मास्क घातल्याशिवाय पार्ट हातात देऊ नका.

पैशाचं विचाराल तर फक्त यावर घर चालत नाही, माझं निम्म्याहून जास्त काम अजून बुश आणि पिनांचं आहे. पण शिकायला याच्यासारखं काम नाही, म्हणून आवडत असेल तर नक्की उतरा, नोकरी सांभाळून उतरा.

आता माझ्या प्रत्येक जॉब कार्डवर दोन मापं असतात, मशीनवरचं आणि अनोडायझिंगनंतरचं. परवाच्या कार्डावर असं आहे: रीमिंग १७.४५, फिनिश १७.४०, थर ५० मायक्रॉन, आट्यांवर रबरी टोप्या घालून पाठवणे, बॉल गिऱ्हाइकाचे, जुलैमध्ये मोजलेले.