‘डाका’चा अर्ज भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या, पण आज कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या तरुणांना मिळणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणाला तिथे ‘डाका’ म्हणतात. मराठी कानाला ते दरोड्यासारखे ऐकू येते, पण त्याला इलाज नाही. हा व्हिसा नव्हे आणि ग्रीन कार्डाची पहिली पायरीही नव्हे. १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने जाहीर केलेल्या या योजनेत सरकार दोन वर्षांपुरती हद्दपारीची कारवाई लांबणीवर टाकते आणि तेवढ्या काळासाठी वर्क परमिट देते.

आपला अर्ज पहिलाच आहे की नूतनीकरणाचा, हे आधी ठरवावे. या योजनेविरुद्धच्या टेक्सासमधील खटल्यात जुलै २०२१ मध्ये आलेल्या निकालापासून पहिले अर्ज स्वीकारले जातात, पण त्यांच्यावर निर्णय होत नाही. शुल्क जाते, घरचा पत्ता सरकारदरबारी नोंदला जातो आणि हाती काही येत नाही. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय असा अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नूतनीकरण मात्र मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी करावे. मुदत संपून वर्ष उलटले, तर तो अर्ज नवा धरला जातो आणि त्याच खोळंबलेल्या रांगेत जाऊन पडतो. एप्रिल २०२४ मधील दरानुसार ऑनलाइन अर्जाला ५५५ आणि कागदी अर्जाला ६०५ डॉलर लागत होते. भरण्याच्या दिवशीचा दर इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पाहावा.

पात्रता तारखांवर ठरते. सोळावा वाढदिवस होण्याआधी अमेरिकेत येणे, १५ जून २००७ पासून सलग वास्तव्य, १५ जून २०१२ रोजी वय ३१ पेक्षा कमी असणे आणि त्या दिवशी देशात असूनही कायदेशीर दर्जा नसणे, या मुख्य अटी आहेत. शिवाय शिक्षणाची आणि गुन्ह्यांविषयीची अट आहेच. शेवटच्या तारखेची अट मराठी घरांना अनेकदा चकवते. आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एच-४ म्हणजे अवलंबित म्हणून वाढलेल्या आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जा गमावलेल्या मुलाकडे १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा असेल, तर त्याला डाका मिळत नाही.

डाकाचा फॉर्म आय-८२१डी आणि वर्क परमिटचा आय-७६५ भरणे एका संध्याकाळचे काम आहे. पहिल्या अर्जात खरी दमछाक पुराव्यांत होते, कारण ज्या कुटुंबाने वर्षानुवर्षे आपले नाव कुठेही येऊ नये अशी काळजी घेतली, त्यालाच आता प्रत्येक वर्षाचा कागद दाखवायचा असतो. शाळेची प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाच्या नोंदी इथे सर्वांत उपयोगी ठरतात, कारण त्यांच्यावर मुलाचे स्वतःचे नाव आणि तारीख असते. घरभाड्याच्या पावत्या बहुधा आईवडिलांच्या नावे निघतात. वर्षवार फाईल लावली की कोणता काळ रिकामा आहे ते लगेच दिसते. ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला मराठीत असेल, तर अनुवादकाने सहीनिशी प्रमाणित केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे.

सल्ला वकिलाचा किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीचाच घ्यावा. अमेरिकेतील नोटरी फक्त सहीचा साक्षीदार असतो. नोकरीच्या किंवा मतदार नोंदणीच्या कागदावर ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ या चौकटीवर चुकूनही खूण करू नये. त्या खोट्या दाव्याने पुढचे मार्ग कायमचे बंद होऊ शकतात. आजी अत्यवस्थ असली, तरी ‘अ‍ॅडव्हान्स परोल’, म्हणजे देशाबाहेर जाऊन परतण्याची आगाऊ परवानगी, हाती आल्याशिवाय भारतात येण्याचे तिकीट काढू नये, कारण परवानगीविना देश सोडल्यास डाका संपुष्टात येऊ शकतो आणि अठराव्या वर्षानंतर एक वर्ष बेकायदा राहिलेल्याला परतण्यास दहा वर्षे बंदी होऊ शकते.

घर बदलल्यास दहा दिवसांत नवा पत्ता खात्याला कळवावा. बोटांचे ठसे देण्याच्या तारखेचे पत्र जुन्या घरी गेले आणि ती तारीख चुकली, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते.