सवलतीचा व्याजदर हातचा जातो तो या चुकांमुळे

क्रेडिट कार्डावरची थकबाकी कमी व्याजाने दुसऱ्या कार्डावर वळवून घेणारे पुष्कळ लोक मी पाहतो. फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात दर महिन्याला कोणी ना कोणी स्टेटमेंट घेऊन माझ्या टेबलाशी येतो आणि गाडी एकाच मुद्द्यावर अडलेली असते : एक हप्ता चुकला आणि सवलतीचा दर गेला.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे देय तारीख पगाराच्या आधी असणे आणि तरीही ऑटो-पेवर, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे जाण्याच्या सोयीवर, विसंबून राहणे. माझ्या धाकट्या भावाने हेच केले. त्याने ८०,००० रुपये दरमहा ०.९९ टक्के दराने वळवून घेतले होते. देय तारीख होती ५ आणि पगार जमा व्हायचा ७ तारखेला. पहिल्याच महिन्यात किमान देय रक्कम ४,९३५ रुपये होती आणि खात्यात होते ३,८१२. ऑटो-पे परत गेल्याचा संदेश त्याने भांडुपहून सुटलेल्या गर्दीच्या लोकलमध्ये वाचला आणि ‘तीन दिवसांची सवलत असतेच’ असे म्हणून फोन खिशात ठेवला. पैसे त्याने ७ तारखेला भरले. पुढचे स्टेटमेंट आले तेव्हा विलंब शुल्क नव्हते, पण सवलतीची योजना रद्द होऊन दरमहा ३.५ टक्के हा नेहमीचा दर लागू झाला होता. ८०,००० रुपयांवर ०.९९ टक्क्याने व्याज ७९२ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ९३५, ३.५ टक्क्यांनी तेच २,८०० आणि जीएसटीसह ३,३०४. “दादा, मी दोनच दिवस उशीर केला ना?” असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बँकेने दर पूर्ववत केला नाही. शेवटी पतपेढीतली आवर्त ठेव मोडून त्याने बाकी फेडली.

तीन दिवसांबद्दलचा हा गैरसमज फार पसरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच विलंब शुल्क आणि तत्सम आकार लावता येतात व सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकीची नोंद करता येते. सवलतीचा दर टिकेल असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तो दर बँकेच्या अटींवर चालतो, आणि त्या अटींत एका चुकलेल्या हप्त्यावर योजना रद्द करण्याची मुभा बँकेने स्वतःकडे ठेवलेली असू शकते. ते कलम सही करण्यापूर्वी वाचायला दहा मिनिटे लागतात. तेवढी सवड न काढता फोनवर ‘हो’ म्हणणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

माझी स्वतःची सवय अशी की, बिलिंग चक्र बदलून देय तारीख पगारानंतर आठ-दहा दिवसांनी येईल अशी ठेवायची. असा बदल निदान एकदा करून देणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यानंतर पैसे देय तारखेच्या पाच दिवस आधी मी हाताने भरतो आणि ऑटो-पे केवळ आधाराला ठेवतो. शेवटच्या संध्याकाळी एखाद्या ॲपवरून पैसे पाठवू नका, कारण ते कार्डाच्या खात्यात पोहोचायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात.

किमान देय रक्कम ४,९३५ असताना सोयीसाठी ४,९०० भरणे, म्हणजे हप्ता चुकवणेच होय.

ज्या कार्डावर रक्कम वळवली आहे, त्यावर नवी खरेदी अजिबात करू नका; जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खर्चाला सामान्यतः बिनव्याजी मुदत मिळत नाही.

हप्ता चुकलाच तर, स्टेटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी पैसे भरावेत आणि दर पूर्ववत करण्याची विनंती ई-मेलने करावी. आधीचे सर्व हप्ते वेळेवर गेले असतील, तर ते तारखांसह लिहावे. ग्राहक सेवेतील माणसाने फोनवर दिलेल्या आश्वासनाचा पुढे पुरावा राहत नाही, म्हणून तक्रार क्रमांक मागून घ्यावा. बँकेचे उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी अटींची प्रत, परत गेलेल्या ऑटो-पेचा संदेश आणि पैसे भरल्याची पावती एकत्र ठेवावी.