जामीनदाराचा परतफेड आराखडा: अर्जाआधी जमवायचे कागद

लातूरची डाळमिल असो की जालन्याची रोलिंग मिल, कंपनीच्या कर्जाला संचालक स्वतः जामीन राहिलेला असतो आणि कंपनी थकली की बँक त्याच्या घराकडे वळते. अशा जामीनदाराला नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 94 खाली मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) स्वतःहून अर्ज करता येतो आणि देणी कशी फेडणार याचा आराखडा धनकोंपुढे, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यापुढे, मतासाठी ठेवता येतो. ही सोय 1 डिसेंबर 2019 पासून आहे. नुसतं पीककर्ज किंवा घरकर्ज थकलं असेल तर हा रस्ता आपला नाही.

अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती लागते, वसुलीचे दावे थांबतात. चेक न वटल्याचा फौजदारी खटला मात्र चालूच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्या तारखांना हजर राहायचंच.

खरी घाई अर्ज मंजूर झाल्यावर सुरू होते. 7 दिवसांत जाहीर नोटीस, धनकोंना आपल्या येण्याचे दावे द्यायला 21 दिवस, आणि त्यानंतरच्या 21 दिवसांत रिझोल्यूशन प्रोफेशनलने (ही प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाने) आराखडा व अहवाल सादर करायचा. म्हणजे जेमतेम दीड महिना. जमिनीच्या नोंदीतल्या एका फेरफारावर (बदलावर) हरकत घ्यायलाच 15 दिवसांची मुदत असते. म्हणून जमिनीचे कागद अर्जाआधीच हातात हवेत.

प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कोणत्या बँकेचा बोजा चढलाय ते तपासा. फिटलेल्या कर्जाचा बोजाही वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. वडिलांच्या नावावरची जमीन असेल तर आधी वारसनोंद, कारण बहिणींचा हिस्सा धरून तुमच्या वाट्याला जे येतं तेवढंच आराखड्यात दाखवता येतं. भोगवटादार वर्ग 2 असा शेरा दिसला तर थांबा. मराठवाड्यात इनामी आणि कुळाच्या जमिनी बऱ्याच आहेत, आणि परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. ‘सहा महिन्यांत जमीन विकून भरणा’ हे वाक्य इथेच फसतं. मूळ हक्काचा वाद असेल तर 1954-55 चं खासरा पत्रकही (जमिनीची जुनी नोंद) काढून ठेवा.

मग देण्यांची यादी. बँक, पतसंस्था, जीएसटीची थकबाकी, व्यापाऱ्यांची उधारी, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने, सगळं लिहा. भावाचं देणं यादीत येतं, पण जवळचा नातेवाईक म्हणून त्याला मत नसतं. त्याच्या भरवशावर बहुमताचं गणित मांडू नका.

आराखड्यात मुदत, हप्त्यांच्या तारखा, पैसा कुठून येणार, प्रक्रियेचा खर्च आणि घरच्यांचा किमान खर्च एवढं असावंच लागतं. धनको सर्वात आधी पैशाचा उगम पाहतात. उत्पन्न शेतीचं असेल तर दरमहा समान हप्ता लिहू नका, दुसऱ्याच महिन्यात तो चुकेल. सोयाबीनचा पैसा नोव्हेंबरात, तुरीचा फेब्रुवारीत, ऊस असेल तर गाळप हंगामात. मोठे हप्ते त्याच महिन्यांत बांधा. मागच्या 3 वर्षांच्या मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) विक्रीच्या पट्ट्या जोडा आणि त्यातला सगळ्यात कमी भाव धरा. घरखर्चात शिक्षणाची फी, औषधं, वीजबिल पावत्यांसह दाखवा. फार काटकसर दाखवली तरी शंका येते, आणि तो आकडा शेवटी पाळायचा तुम्हालाच असतो.

मंजुरीला, बैठकीत मत देणाऱ्या धनकोंच्या देण्याच्या रकमेतली तीन चतुर्थांशाहून जास्त मतं लागतात. तारणाच्या हक्काला धक्का लागणार असेल तर त्या बँकेची वेगळी संमती घ्या. हे बैठकीआधी, शाखेत नव्हे तर वसुली विभागात बोलून ठेवा.

आराखडा फेटाळला गेला तर तुम्हाला किंवा धनकोला दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. त्या अर्जाआधीच्या 2 वर्षांत बायकोच्या नावे केलेलं बक्षीसपत्र किंवा मेव्हण्याला पडत्या भावात दिलेला प्लॉट रद्द होऊ शकतो. असे दस्त पहिल्याच दिवशी रिझोल्यूशन प्रोफेशनलसमोर ठेवा.