गोळ्यांनंतर अंगावरून जाणं थांबेना? या चुका टाळा

बाई आत येते, पडदा ओढून घेते आणि आवाज उतरवून विचारते, "सिस्टर, पंधरा दिवस झाले, अजून जातंय. किती दिवस जायला हवं?" गर्भपाताच्या गोळ्या घेतलेल्या बायका रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात सर्वांत जास्त हेच विचारतात. पण नुसत्या दिवसांवरून काही कळत नाही.

साधारण 9 ते 16 दिवस अंगावरून जातं. शंभरातल्या सात-आठ जणींना महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस थोडंथोडं जात राहतं. पहिले एक-दोन दिवस पाळीपेक्षा जास्त, गाठींसकट. मग कमी, मग तपकिरी डाग, दोन दिवस कोरडे आणि परत थोडं लाल. एवढं सगळं चालतं.

दिवस मोजता, पॅड मोजत नाही

तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास असंच चाललं, तर तिसऱ्या तासाची वाट बघायची नाही. लिंबाएवढ्या गाठी पडतच राहिल्या, उभं राहिल्यावर चक्कर आली, तरीही तेच. गर्भपाताच्या किटमध्ये पाच गोळ्या असतात, आधी एक आणि नंतर चार. त्या चार गोळ्यांच्या दिवशी थंडी वाजून अंग तापतं, तो औषधाचा परिणाम असतो. मात्र दुसऱ्या दिवशीही 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप असेल, किंवा घाण वास येत असेल, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

हे जोरात जाण्याचं झालं. आमच्याकडे खरा घोळ हळू जाण्यात होतो. एक बाई चोविसाव्या दिवशी आली. कधीच जोरात गेलं नव्हतं. दिवसाला तीन पॅड, रोज. "पाळीसारखंच जातंय, म्हणून काय बोलले नाय." विहिरीवर दुसरी कळशी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा जावेने रिक्षात घालून आणलं. मी खालची पापणी ओढून बघितली, आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन 6.8. बाईमाणसाचं 12 असायला हवं, 8 च्या खाली गेलं की तो गंभीर रक्तक्षय. तिचं आधीच 9 होतं, हे तिच्या गरोदरपणातल्या जुन्या कार्डावर लिहिलेलं सापडलं. नऊवरून सुरुवात करणारीला महिनाभर तीन पॅड परवडत नाहीत. म्हणून गोळ्या घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. दोन आठवडे उलटूनही रोज पाळीएवढं जात असेल तर परत तपासा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाचं सरबत चालेल.

हिशोब गणपतीपासून

"मिस्टर गणपतीला आले होते, म्हणजे दोन महिने." मुंबईहून चाकरमानी कधी आला यावरून दिवस धरायची इथली रीत आहे. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे आणखी दोन आठवडे. तुमचे दोन महिने झाले तेव्हा त्यांच्या हिशोबात दहा आठवडे उलटून गेलेले असतात. हे किट आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायचं आहे. त्यापुढे रक्तस्राव वाढतो आणि आत गर्भाचा तुकडा राहण्याची शक्यताही.

किटमधल्या पाचही गोळ्या एकदम गिळून आलेल्याही बघितल्यात. पहिली गोळी आणि उरलेल्या चार यांच्यात 24 ते 48 तास जायला हवेत. हे दुकानदार काउंटरवर सांगत नाही. मुळात चिठ्ठीशिवाय त्याने किट द्यायचंच नाही.

आधी सोनोग्राफी का, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्या चालतच नाहीत. थोडंसं जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि आत नळी फुटते. पोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी, अशा वेळी बाहेर पॅडवर फारसं रक्त दिसत नाही. इथे पॅड मोजत बसायचं नाही, सरळ 108 ला फोन.

घरचे आणि मेडिकलचे उपाय

सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्याकडे घरोघरी असतात. त्याच इथेही घेतल्या जातात. रक्त चार दिवस थांबतं, गोळ्या संपल्या की परत सुरू. आत तुकडा असेल तर तो तिथेच असतो. रक्त थांबवायच्या गोळ्या डॉक्टरही देतात, पण कारण बघून. दुसरं किट आणणं हा तर वेडेपणाच. कोकम सरबत प्या, छान लागतं, रक्त थांबवत नाही.

रिपोर्ट बघून घाबरणं

"पिशवीत थोडं शिल्लक" एवढं वाचलं की बायका पिशवी साफ करून घ्यायला निघतात. गर्भपात पूर्ण झाल्यावरही काही दिवस आत रक्त आणि गाठी दिसतात. नुसत्या जाड अस्तरासाठी क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडणं, करत नाहीत. तब्येत ठीक आणि जाणं कमी होत असेल तर थांबता येतं. नाहीतर डॉक्टर दुसऱ्या टप्प्यातल्या गोळ्यांचा आणखी एक डोस देतात, किंवा सक्शनने, म्हणजे नळीने ओढून घेऊन, पिशवी रिकामी करतात. काम काही मिनिटांचं. जागतिक आरोग्य संघटना जुन्या खरवडण्यापेक्षा सक्शनच सुचवते, तेव्हा "सक्शनने करणार का?" असं विचारायला लाजू नका.

लघवीची पट्टी चार आठवड्यांपर्यंत दोन रेघा दाखवू शकते, दहाव्या दिवशी करून रडू नका. पण चार गोळ्यांनंतर दिवसभरात काहीच गेलं नाही, मळमळ तशीच आहे, तर गर्भ वाढत असू शकतो. मग "राहू दे आता" म्हणून सोडून देऊ नका, या गोळ्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं.

खोटं सांगणं

"पाळीच जास्त जातेय" असं सांगून बाई झोपते आणि आमचा अर्धा तास तिथे जातो. कोणत्या गोळ्या, कधी घेतल्या, सांगून टाका, रिकामं पाकीट आणलंत तर उत्तम. 1971 च्या कायद्याने गर्भपात कायदेशीर आहे. अठरा वर्षांपुढच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्यातलीच कुणी "लग्न झालंय का?" असं टोचून विचारते, हेही खरं. उत्तर देऊ नका, पाकीट पुढे करा.

खाडीपलीकडच्यांनी संध्याकाळीच निर्णय घ्यावा. रात्री फेरीबोट बंद, आणि पावसात वळसा घालून येणारा रस्ता कधी दरडीखाली असेल सांगता येत नाही.

कळशीवाल्या बाईला दोन बाटल्या रक्त दिलं, सक्शन झालं. जाताना तिला सांगितलं ते इथेही सांगते. गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकतं, अंगावरून जात असलं तरी. आणि गणपतीला आलेले मिस्टर शिमग्याला परत येतात. 'अंतरा' नावाचं गर्भ न राहण्याचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा. त्यानेही अधूनमधून डाग पडतात, ते आधीच विचारून घ्या.